वारा सरला का?

चौथा दिवस.
राउंडला येणारा जो तो हेच विचारतो,
"बाबा, वारा सरला का?"
बाबा भिंतीकडे बघतात.
ज्यावरून खिदळलो म्हणून लहानपणी आम्ही मार खाल्ला
ते आता केसपेपरवर लाल शाईत:
अजून नाही.

ससूनचा तिसरा मजला. खिडकीतून स्टेशनच्या घोषणा.
गेनभाऊ ढमाले, वय एकाहत्तर,
आतड्याला पीळ पडला होता. वीतभर काढलं,
उरलेलं शिवून जागेवर ठेवलं.
"हात लागला की आतडं रुसतं," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या,
"झोपून राहतं. उठवता येत नाही.
आपण फक्त ऐकायचं."
स्टेथोस्कोप बेंबीच्या उजवीकडे ठेवून
त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या,
आणि मला बाबांची कांब आठवली.

बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात. चावीवाले.
पहाटे चारला सायकलवर,
खांद्याला लोखंडी चावी, तेव्हा माझ्यापेक्षा उंच.
गंज पेठ दोन तास. ती बंद केली की घोरपडे पेठ.
सगळ्यांना एकदम सोडलं तर कुणालाच चढत नाही, म्हणायचे.
कुठे गळतीचा संशय आला
की कांबेचं एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला,
आणि रिक्षावाल्यांना हातानेच, गप.

रात्री मी त्यांना सांगत बसते
डॉक्टरबाईंनी पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलेलं:
बाबा, तुमच्या आतही एक चावीवाला आहे.
जठराच्या तळाशी.
वर आंबट रसात घास घुसळून घुसळून पेज होते,
हा पुढे सोडतो चमचा चमचा,
मग वरून नगरसेवकाचा फोन येवो.
पुढच्या वळणावर पित्त येऊन मिळतं,
तुपाच्या तवंगाचे थेंब थेंब करतं.
मग वीसेक फूट नळी, आतून मखमल,
मखमलीच्या एकेका लवेशी
रक्त हंडा घेऊन रांगेत.
शेवटी मोठं आतडं. ते चिक्कू.
राहिलेलं पाणीही पिळून घेतं, फुकट काही जाऊ देत नाही.
"म्हणजे अस्सल पुणेकर," बाबा म्हणाले,
हसले, आणि टाक्यांवर हात दाबून धरला.

"आणि पोट रिकामं असलं की? सगळे सुट्टीवर?"
नाही बाबा. तेव्हा दर दीडेक तासाने
एक लाट निघते, झाडत जाते शेवटपर्यंत,
सालपटं, कण, काल अडकलेलं काहीबाही.
भुकेने गुरगुरतंय म्हणतो ना आपण,
पुष्कळदा तो खराटा असतो.
"रात्रपाळी," ते म्हणाले.
आई गेली त्या पहाटेही
गंज पेठेला पाणी वेळेवर आलं होतं.
त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी, चाराला दहा कमी असताना,
खाट जराशी हलली.
आधी बारीक, चाचरत, मग एकदम मोकळा,
कोरड्या नळातून पाण्याच्या आधी
जी हवा फुरफुरत येते, थेट तसा.
अठरा नंबरचे हगवणे काका अंधारातून म्हणाले,
"अभिनंदन."
बाबांनी उशीखालचं घड्याळ काढून डोळ्यांजवळ धरलं.
"सुटली गंज पेठ. दहा मिनिटं आधीच."

डॉक्टरबाईंनी ऐकलं, मग नळ्या माझ्या कानात दिल्या.
खूप आत, जणू दोन गल्ल्या सोडून,
खळ्.
थांबलं. वाटलं संपलं.
खळ् खळ् खळ्.
केसपेपरवर निळ्या शाईत एक बरोबरची खूण.
चमच्याने पाणी द्या, म्हणाल्या, सावकाश.

मी बाटलीचं सील तोडलं.
पहिला चमचा त्यांनी गिळला नाही लगेच.
जिभेवर धरला, या गालातून त्या गालात नेला,
कपाळाला आठी घातली.
"हे विकतचं," म्हणाले.
"आपलं आण. पर्वतीचं."