वजा अकरा

पहाटे निघताना गाडी खरं बोलायची.
सहाव्या वळणानंतर, इंजिन तापलं की,
बाहेरच्या हवेचा हिरवा आकडा फुगायला लागे
आणि बाबा गिअर बदलता बदलता म्हणत, वजा अकरा.
जानेवारीत चौदा म्हणजे तीन.
जुलैत चाळीस म्हणजे, जाऊ दे, खिडकी उघड.

सत्त्याण्णवची फोक्सवॅगन, एकेकाळी पांढरी.
मागे राईच्या पिठाचे चाळीस पाव,
पुढे कोउरेलचे डोंगर, चेस्टनटची रानं,
स्लेटच्या छपरांची गावं, ज्यांत आता
माणसांपेक्षा दारं जास्त.
कडीला पिशवी अडकवलेली असते.
पाव टाकायचा, पैसे उचलायचे.
कधी चिठ्ठी: गुरुवारी नको, लुगोला दवाखान्यात जातेय.
बाबांनी तेहतीस वर्षं असे पाव टांगले.
मार्चमध्ये ते गेले. चावी माझ्याकडे आली,
वजाबाकीसकट.

खडखड मला ऐकूच आली नव्हती.
देल्फिनानं ऐकली. वय एक्याऐंशी,
गावात एकटी, म्हणून कान शाबूत.
"साबेला, तुझ्या गाडीच्या हनुवटीखाली काहीतरी हलतंय."

गोणपाट अंथरलं, पाठीवर पडले.
बंपरच्या मागे, रेडिएटरला टेकून,
दोन तारांवर लोंबकळत होतं
शेंगदाण्याएवढं काळं काहीतरी.
भोंग्याचं? दिव्याचं? की कुणीतरी
कधीकाळी जोडून विसरलेलं?
प्लग ओढला. भोंगा वाजला. दिवे लागले.
"आकडा गेला," आतून देल्फिना म्हणाली,
"नुसत्या रेघा आल्यात."
आयुष्यात पहिल्यांदाच ती स्टिअरिंगमागे बसली होती,
दोन्ही हात चाकावर घट्ट,
गाडी जागची हलणार नव्हती तरी.

प्लग परत खोचला. गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडून
मुठीत धरला, मुठीत तो काळा दाणा.
बोटं बधिर. आणि ती आतून ओरडत होती
तेरा. अकरा. आठ. साबेला, पाच!
लिलावात बोलतात तशी, पण उलटी.
एक. शून्य.
"बाई गं, याला कळतं!"

म्हणजे तो बिचारा खोटं बोलतच नव्हता.
ज्याच्या कुशीत जाऊन पडला
त्याचीच ऊब सांगत होता.

त्याची मूळ जागा सापडली, बंपरच्या आतल्या अंगाला,
वाऱ्याच्या तोंडावर एक भोक.
पकडीचा कान तुटलेला.
अंगठ्यानं चिखल खरवडला तर खाली
चिकटपट्टीचा तपकिरी तुकडा,
पिठाची पोती बंद करतो ना आम्ही, तीच.
कडा दातांनी तोडलेली.
बाबांना कात्री कधी सापडायची नाही.

म्हणजे त्यांना माहीत होतं.
एकदा इथेच, असेच, पाठीवर पडले असतील.
चिकटवलं असेल, दोन पावसांत सुटलं असेल,
मग वजाबाकीच स्वस्त पडली असेल.
मी थोडा वेळ तशीच पडून राहिले.
वर इंजिन थंड होताना टिकटिकत होतं.
"मेलीस का गं?" देल्फिनानं विचारलं.

द्राक्षवेल बांधायची हिरवी तार तिनंच आणून दिली.
"तीन वेढे दे. आणि पीळ खालच्या अंगाला,
वर ठेवलास तर पाणी धरतो."
वेल बांधतात तसं बांधलं, आवळून नाही.
पट्टीचा तुकडा तिथेच राहू दिला.

आता सहाव्या वळणानंतरही गाडी खरं बोलते.
काल चार दाखवत होती, आणि चारच होते.
पण तोंडातून निघून जातं, वजा अकरा,
आणि उणे सातच्या रस्त्यावरून मी
जपून, दुसऱ्या गिअरमध्ये,
बाबांच्या कोटाचं वरचं बटण लावून उतरते,
कोरड्या, स्वच्छ डांबरावर.

देल्फिनाची तक्रार आहे,
पाव हल्ली वीस मिनिटं उशिरा येतो.