कॅथोडवर दीड व्होल्ट

एप्रिलात माझ्या दुकानात फक्त कुलरचे पंप येतात.
जळकी वाइंडिंग, ओल्या लाकडी भुशाचा वास,
आणि "काका, आजच पाहिजे, लेकरू झोपत नाही."
त्या ढिगात इंदोऱ्याच्या सुगतनं
पिशवीतून दोन व्हॉल्व्हचा प्रीअँप काढला.
गड्डीगोदामातून घेतलेला, जुना, साडेचार हजारात.
"चालते. पण जीवच नाही त्याच्यात.
गेन पुरा फिरवला तरी गिटार
पलीकडच्या खोलीतून बोलल्यासारखी."

आधी मी लायनीवर संशय घेतला.
तीन वाजता सारं जरीपटका कुलर लावून बसतं,
सॉकेटात एकशे नव्वद.
म्हटलं, रात्री पाहू.
रात्री दोनशे तीस आले. आवाज तेवढाच.

व्हॉल्व्ह बदलून पाहिले, एकाची जागा दुसऱ्याला दिली,
पेन्सिलच्या टोकानं काचेवर टकटक केली.
कुरकुर नाही, शिट्टी नाही.
तार, जॅक, नॉब, सगळ्यात स्प्रे मारला.
मग तळाचं झाकण उघडलं
आणि डावा हात खिशात घातला.
नेवारे मास्तरांची शिकवण:
करंटले छातीतून रस्ता देऊ नको, बे.

सप्लाय दोनशे ऐंशी.
प्लेटवर एकशे ऐंशी.
कॅथोडवर दीड.
पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसासमोर
घरातली माणसं उभी राहावी
तसे सगळे आकडे सरळ.
साठपट व्हायचा आवाज
पस्तीसपटीवर थांबत होता, आणि मीटर म्हणत होता
सगळं बरोबर आहे.

मीटरला सगळंच नाही दिसत.
भिंग घेतलं तेव्हा सापडलं:
कॅथोडच्या कपॅसिटरचा एक पाय अधांतरी.
तुटलेला नाही, जळलेला नाही.
कटरनं कापलेला, नीट,
आणि कुठं टेकू नये म्हणून टोकावर
सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा इवलासा तुकडा चढवलेला.

मी सुगतला म्हटलं, विकणाऱ्याला फोन लाव.
एस्तेरबाईंनी उचलला.
"मिस्टर गेले फेब्रुवारीत. कोणी खोललं असेल? नाही हो,
कोणाला हात लावू देत नसत.
मी मेयोत नर्स होते, बरीच वर्षं नाइट.
दिवसा झोपायची. हे बाजूच्याच खोलीत वाजवायचे,
पण मला कधी जाग आली नाही.
हातच हलका होता त्यांचा, जात्याच."

मी हो म्हणालो.
पंख्याची हवा भिंगावरची धूळ हलवत होती.

नॉब कमी ठेवला असता तरी भागलं असतं.
पण वाजवता वाजवता नॉबवरचा हात
आपोआप उजवीकडे सरकतो,
आणि माणसाला स्वतःच्या हाताचा
एवढा भरवसा नसतो.

सोल्डर तापवलं. पाय जागेवर बसवला.
सुगतनं एक तार छेडली
आणि शटर थरथरलं, समोरचा पानवाला
चुना लावता लावता थांबला.
पोरगं हसायला लागलं, नुसतंच हसत राहिलं.
"काय झालं होतं काका?"
"पाय सुटला होता एक."
"किती द्यायचे?"
"दीडशे दे. अन् रातच्याला जरा हळू वाजवत जा,
शेजारी कोणी ड्युटीवरून आलेलं असते."
त्यानं ऐकलं नाही. पुन्हा छेडलं.

रबराची ती टोपी
मी स्क्रूच्या डबीत टाकली.
तिथं बरंच काय काय पडून असतं,
कशाचं होतं ते आता आठवत नाही असं.

मग पुढचा पंप घेतला.