हात सैल सोडा

सेलूच्या बाजारात माझं दुकान.
दुकान म्हणजे एक पाट, दोन पेट्या, वर ताडपत्री.
मनगट बघितलं की माप कळतं मला,
सव्वादोन, दोन-सहा, अडीच.
पंजा हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड दाबायचं
आणि म्हणायचं, सैल सोड माय, हात सैल सोड.

त्या साली दिवाळीनंतर माझेच तळवे उलले.
वर पांढरा कोंडा, सुपात राहतो तसा.
कोपरावर आधी रुपयाएवढं, मग वाटीएवढं.
काच पिचून जिथं जिथं खुपली होती
तिथं तिथं रेघेरेघेनं उगवलं ते.

बायका हात पुढं करायच्या, मागं घ्यायच्या.
पुढल्या बाजारी येते म्हणायच्या.
वेणूबाई सोळंकेनं तर लेकीला सांगितलं,
हिच्याकडच्या बांगड्या धुऊन घाल.
धुऊन! काच!

कुणी म्हणालं कोड, कुणी म्हणालं मागचं पाप.
जिंतूर रोडवरच्या एकानं पुड्या दिल्या,
एकवीस दिवसांत हात लोण्यासारखा.
पुड्या संपल्या
आणि पंधरा दिवसांत डोक्यापासून ढोपरापर्यंत
मी लाल, सालपटं निघालेली,
झाडणीनं अंथरूण झाडायची, पहाटे, कुणी उठायच्या आत.

परभणी. दुसरा मजला. नंबर सदतीस.
डॉक्टर पाथ्रीकर मॅडमनी हातमोजे घातले नाहीत.
हे मी सगळ्यात आधी बघितलं.
माझा पंजा घेतला, उलटा केला, नखं निरखली
(टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे, मला वाटायचं वय झालं)
आणि म्हणाल्या, सैल सोडा, हात सैल सोडा.

तीस वर्षं हे मीच म्हणत आले.
या बाजूनं कधी ऐकलं नव्हतं.

कुणाला लागत नाही, म्हणाल्या. कुणालाच नाही.
जाईल का?
जाणार नाही. ताब्यात राहील. दोघी मिळून ठेवू.
राग आला मला. चारशे रुपये फी,
वर निम्मं काम माझ्याच अंगावर.

पुडीचा कागद दाखवला, वाटलं आता बोलणी खायची.
त्या एवढंच म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत.

मलम बोटाच्या शेवटच्या पेरावर एक रेघ,
तेवढ्यात दोन तळहात भागतात.
हे पटलं. मापाचं बोलणं मला कळतं.
गोळी आठवड्यातून एकदाच. वार तुम्ही सांगा.
रविवार, म्हणाले मी, शनिवारी बाजार असतो,
सोमवारी मळमळलं तर मळमळू दे.
लाल पेनानं रविवार लिहिला, खाली दोन रेघा.
रोज घ्यायची नाही, चुकूनसुद्धा.
रक्त तपासायचं, काविळीचं कलेजं बघतात तसं.

काच लागू देऊ नका, म्हणाल्या.
मॅडम, मी काचेचंच खाते.
पेन थांबला.
मग विचारलं, बांगडी कशानं सरकवता?
साबणानं.
साबण सोडा, खोबरेल घ्या. बोटांना सुती चिंधी गुंडाळा.
चिंधीनं हाड कळत नाही, मी म्हणाले.
मग अंगठा तेवढा उघडा ठेवा.
असा सौदा झाला.

उन्हाळ्यात हात निवळले आणि मी गोळ्या टाकल्या.
आषाढात कोपर बघून त्या म्हणाल्या, किती रविवार सुटले?
तीन.
त्या कोपराकडंच बघत राहिल्या.
सात, म्हणाले मी.

आता डाव्या कोपरावर एक उरलंय, झंपरच्या बाहीखाली.
थंडीत फुलतं, मग बसतं.
कधी बोटं सकाळी आखडलेली असतात, तेही सांगते त्यांना,
त्या वहीत लिहितात.

मागच्या शनिवारी वेणूबाई आली, नातीचं लग्न.
हात पुढं केला, स्वतःच, पार कोपरापर्यंत.
मी चिंधी गुंडाळली, खोबरेल लावलं, घाई केली नाही.
सहा हिरव्या चढल्या, सातवी पिचली.
मुद्दाम नाही. म्हणजे, वाटतं नाही.
तिचे पैसे घेतले नाहीत.

पेटी बांधताना बोटावर काच बघितली, नव्हती.
उद्या रविवार.