तीन नंबरचा दांडा

कुपवाडच्या एमआयडीसीत एकवीस वर्षं लेथवर आहे मी.
दोन शतांश इकडचं तिकडं झालं
तर माल परत येतो, हे बोटांना पाठ आहे.
बाप धार लावायचा, आजा धार लावायचा,
शिकलगार आम्ही, लोखंडाशी आमचं घरचं बोलणं.

म्हणून मिरजेत डॉक्टर उपाध्येबाईंनी
कॉम्प्युटरवर शाहीनचा पाय उघडला
तेव्हा मी खुर्ची पुढं ओढली.
खुब्यापासून घोट्यापर्यंत राखाडी हाडं,
आणि नडगीवर माऊसनं ओढलेल्या दोन रेषा,
एक वरून खाली, एक खालून वर.
"छेदतात तिथं वाक आहे," बाई म्हणाल्या.
सतरा अंश.
सात वर्षं आम्ही सगळे गुडघ्याला बोल लावत होतो,
तेल, पट्टा, जतच्या वैदूचा लेप, सगळं गुडघ्याला.
रेषा भेटल्या त्या चार बोटं खाली.

मग पडद्यावर त्यांनी हाड कापलं, सरळ केलं,
पुन्हा वाकडं केलं, पुन्हा सरळ.
शाहीन बघत होती. "अब्बा, तिथं दुखत नाही."
कुणी हसलं नाही.

ऑपरेशन झालं. वर एक कडं, खाली एक कडं,
मधे सहा तिरके दांडे, सहा रंगांचे,
आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा.
घरी निघताना हातात कागद दिला, प्रिंट काढलेला:
चौतीस दिवस, सहा रकाने,
रोज कुठला दांडा किती फिरवायचा.
गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग येतं ना, तसाच.
मी मनात म्हटलं, हे जमणार.

आठवडा थांबून, सकाळी साडेसहाला, पहिला फेरा.
एक नंबर, लाल. टक्.
ज्या हातानं मी पितळेचं बुश डोळे झाकून काढतो
तो हात थरथरला.
जुबेदा भाकरी थापता थापता थांबली.
दोन नंबर. टक्.
तीन नंबर, पिवळा. कागदावर त्याचा आकडा कमी होत चाललेला.
बाकीचे पाच वाढतायत आणि हा मागं येतोय!
चुकलंय. कुणीतरी कायतरी चुकीचं भरलंय.
शिफ्ट बुडवून फोन केला.
बाई म्हणाल्या, "पाच जण ढकलत असताना
एकानं माघार घेतली नाही, तर हाड वळणार कुठं?"
तरी पुन्हा तपासते म्हणाल्या, आणि तपासलं.
तासाभरानं त्यांचाच फोन. तीन नंबर कमीच.

तिसऱ्या आठवड्यात ती रात्री रडायची.
तारांभोवतीचं गॉज बदलताना नाही, त्याला सरावली होती.
रात्री, पाय कुठल्या कुशीवर ठेवावा कळेना तेव्हा.
मी अंधारात कागदावर बोट ठेवून दिवस मोजायचो,
दिसत काही नसायचं.

बाविसाव्या दिवशी तिनं कागद माझ्या हातातून घेतला.
"तुम्ही श्वास धरता, अब्बा. मग मीपण धरते."
तेव्हापासून स्वतःच फिरवली.
आकडा मोठ्यानं वाचायची, टक् ऐकायची,
रकान्यात खूण करायची, पेन्सिल कानाला.
मी नुसती मोबाईलची बॅटरी धरून.

कालच्या एक्सरेत दोन तुकड्यांच्या मधे
दुधावर साय धरावी तसं काही धरलंय.
लेथवर सरळ करायचं म्हणजे कातून काढायचं,
पायाशी कीस पडतो, संध्याकाळी झाडून पोत्यात.
इथं काढलं काहीच नाही.
आम्ही रोज जराशी जागा करत गेलो
आणि पोरगीनं ती भरली, अंडी, दूध आणि चिडचिड खाऊन.

फिरवायचं संपलं. हाड घट्ट व्हायला अजून चार महिने,
कडी तशीच राहणार.
जुबेदानं सलवारीची एक बाजू उसवून बटणं लावलीत.

शाहीन विचारत होती, काढल्यावर दांड्यांचं काय करतात.
"भंगार," मी म्हणालो, सवयीनं.
बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "पिवळा मागून घ्या.
मागं गेलेला."