अर्धं बोट कमी

जूनमधल्या एखाद्या शुक्रवारी रात्री फोन वाजतो.
"पाच वाजता," एवढंच म्हणतो रेनो, आणि ठेवून देतो.
त्याच्या मुलीशी माझा काडीमोड होऊन चार वर्षं झाली.
काडी मोडली, गळाच्या काठ्या मात्र
अजून एकाच ट्रकमध्ये, एकमेकींत दोर गुंतवून.
वकिलानं घर लिहिलं, कुत्रा लिहिला,
बर्फ ढकलायचं यंत्रसुद्धा लिहिलं;
तलाव कुणाच्या वाट्याला, ते लिहायचं राहिलं.

पहिला केटल लेक. धुकं इतकं
की वल्हं ओलं झालं तेव्हा कळलं, पाणी सुरू झालं.
लून ओरडला,
रिकाम्या खाणीत कुणी हाक मारावी तसा.
रेनो एकतीस वर्षं तांब्याच्या खाणीत होता.
त्यानं मान वर केली नाही.
जांभळी रबरी अळी गळावर ओवली, न बघताच,
आणि मोतीबिंदूचे डोळे मिटून फेकली
बुडालेल्या झाडाच्या बरोब्बर काखेत.
"ओढू नकोस. पडू दे तिला.
पडतानाच खातात ते."

केटलमध्ये दोन बास, वीतभर. सोडले.
दुसऱ्या तलावाला नाव नाही. तिथं डास होते,
आणि लिलीच्या पानांत माझ्या रबरी बेडकावर
झडप घालून चुकलेला एक आवाज,
पाण्यात भरली बादली उपडी व्हावी तसा.
मासा दिसला नाही.
तासभर तिथंच फेकत राहिलो, वेड्यासारखा.

दुपारी ट्रेलरच्या कडेवर बसून पेस्टी खाल्ली,
गार, सलगम जास्त, मांस कमी.
पेस्टी माझ्या कॉर्निश आजीची की त्याच्या फिनिश आईची
यावर दरवर्षी भांडतो, तसे भांडलो. बरं वाटलं.
मला विचारायचं होतं, ती कशी आहे.
विचारलं, मोटरचं तेल बदललं का.
"मेमध्ये," म्हणाला.

तिसरा, सिस्टर लेक, खोल.
खडकाची कड जिथं एकदम खाली जाते
तिथं दोर थांबला. झटका नाही, ओढ नाही;
नुसता थांबला,
बोलता बोलता माणूस थांबतो तसा.
मग काठी वाकली.
दोनदा तो पाण्याबाहेर आला डोकं झटकत,
सगळ्या अंगानं नाही म्हणत,
काशाच्या रंगाचा, कुशीवर उभे पट्टे, डोळा लाल.
रेनोनं जाळी घेतली नाही. अंगठा जबड्यात घालून
उचलला, आणि वल्ह्यावर आडवा धरला.

वल्ह्यावर खुणा आहेत, चाकूनं कोरलेल्या,
प्रत्येकीजवळ एक अक्षर, एक साल.
सगळ्यांत वरची ब्याण्णवची. तेव्हा मार्लिस नऊ वर्षांची.
बारा उन्हाळे मी तेच वल्हं मारलं,
ती खूण माझ्या तळहाताखालीच यायची.
रेनो वाकला, लाकडाला नाक लावून पाहिलं,
मग बोटानं चाचपलं.
"अर्धं बोट कमी," म्हणाला. "अजून तिचाच मोठा."

दिवसभरात तिच्याबद्दल एवढंच.
त्या आवाजात बापाचा तोरा होता. आणखी काही असेल
तर ते कल्ल्यासारखं उघडलं आणि मिटलं.
"घे, तूच सोड."
पाण्यात धरून ठेवला. बराच वेळ गेला नाही;
मग गेला, मनगटावर शेपूट आपटून.
मी पुन्हा अळी चाचपू लागलो.
"आता बास," रेनो म्हणाला. "मोटर सुरू कर."

सोमवारी हार्डवेअरच्या दुकानात
सुटे पैसे देताना अंगठा झोंबला.
दात बारीक असतात त्यांचे, कानशीसारखे.
वरची कातडी सोलून गेलेली,
नाणं उचलताना नाण्याचीही कड लागत होती.
शुक्रवारीही तो खरखरीतच होता.
फोन जवळ ठेवून जेवलो.