सात रिकामे दाब

अंबडच्या गाळ्यात कॉम्प्रेसर बंद झाला
की उरतो तो आवाज मला आवडतो.
टेबलावर उघडून ठेवलेला स्प्रे-पंप,
त्यातून निसटलेली चार मिलिमीटरची गोळी
टिक् टिक् करत रॅकखाली.
मी आणि तौफिक गुडघ्यांवर, मोबाईलचा उजेड.
आधी मागच्या महिन्यातल्या दोन सापडतात,
एक सुपारीचं खांड,
मग ही.

तशी गोष्ट एवढीशी.
खटका दाबला की दट्ट्या आत जातो,
खालची गोळी बसते, वरची उठते, पाणी बाहेर.
सोडला की स्प्रिंगनं दट्ट्या मागे आणायचा,
खालचीनं वाट द्यायची, वरचीनं अडवायची.
एका वेळी एकीनंच उठायचं.
एवढी शिस्त पाळायला
त्यांना माझी दीड वर्षं लागली.

तौफिकचे वडील दूधबाजारात स्टोव्ह दुरुस्त करत.
गेजवर त्याचा विश्वास नाही.
नळीचं टोक तोंडात धरून तो हवा ओढतो,
जिभेला चिकटून राहिली तर झडप बसली.
मी मात्र आलेख काढायचे.
दाब, थेंबाचा आकार, फवाऱ्याचा कोन;
सगळं कागदावर बरोबर,
आणि खोकीच्या खोकी परत येत होती.

म्हणून मखमलाबादला गेले, रोपवाटिकेत.
यमुनाताई पेखळे कलमांच्या वाफ्यात बसलेल्या.
त्यांनी आमचीच बाटली उचलली,
दोन बोटं खटक्यावर,
आणि धान्य मापावं तशी सुरुवात केली:
लाभ.
दोन. तीन. चार.
खटका नुसता खोकत होता.
आठव्याला पाणी आलं.
"पहिल्या मापाला आम्ही लाभ म्हणतो, ताई,
तुमचा लाभ म्हणजे वारा."

मग बाटली उलटी करून दाखवली.
पानाची खालची बाजू अशीच भिजवावी लागते,
किडीची अंडी तिथंच असतात.
उलट्या बाटलीत माझी गोळी
आपली जागा सोडून पडलेली.
मी ती उभीच तपासली होती, दीड वर्षं.

निघताना त्यांनी हात पुढे केला, पैशासाठी नव्हे.
मधल्या बोटाच्या पेरावर खटक्याएवढा घट्टा.
दिवसाला तीन हजार दाब, त्या म्हणाल्या,
संध्याकाळी पोळी मोडता येत नाही.

परतताना पेठ रोडच्या सिग्नलला
मी स्टिअरिंगवर दोन बोटांनी दाब मोजत होते.
मागच्यानं हॉर्न वाजवला.

स्प्रिंग आधी पाण्यातून बाहेर काढली.
आत ती कडुनिंबाचं तेल आणि साबण पीत गंजायची,
तांबूस गाळ गोळीच्या बैठकीवर बसायचा.
आता खटक्याच्या दोन्ही अंगांना
प्लास्टिकच्या दोन वाकड्या पट्ट्या, धनुकल्यांसारख्या.
पहिल्या खेपेच्या मे महिन्यात पत्र्याखाली मऊ पडल्या,
खटका दाबलेला तसाच राहिला,
रुसलेल्या पोराच्या ओठासारखा.
जाडी वाढवली तर बोट दुखतं,
कमी केली तर परत येत नाही.
ह्या दोहोंच्या मध्ये
शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर जागा आहे.
त्यात मी पावसाळा काढला.

खालची गोळी काढून टाकली.
तिथं आता रबराची चकती, एका कडेनं धरलेली.
उलटी धरा, आडवी धरा, मिटते.
दट्ट्यापुढची पोकळी तौफिकनं कानशीनं नव्हे,
हट्टानं कमी केली.
साचा चार वेळा फोडला.
मालकांनी चौथ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

काल यमुनाताईंकडे नवी बाटली नेली.
त्यांनी आधी उलटी धरली, मग दाबली.
लाभ.
दोन.
तिसऱ्याला धुकं,
जास्वंदीच्या पानाखाली, न गळणारं.
त्या काही बोलल्या नाहीत,
वाफ्यातून पुढे सरकल्या.

दोन दाब अजून रिकामे आहेत.
नळीत हवा असते, ती कुठंतरी जायलाच हवी,
हे मला समजतं, त्यांना समजावून काय करू.
गाळ्यात येऊन पंप पुन्हा उघडला.
तौफिकनं नळी तोंडात धरली,
भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं.
जिभेला चिकटलेली होती,
त्यामुळे त्याला काही सांगता येईना.