अस्तर

शाळेच्या गॅदरिंगला मी अंगठा
मागं वळवून मनगटाला टेकवायची.
कोपरं उलटी, गुडघे उलटे,
उभ्या उभ्या तळवे फरशीवर.
हेडगुरुजी म्हणायचे, महानंदा म्हणजे रबर.
बक्षिसाचा स्टीलचा डबा
अजून आहे, त्यात गुंड्या ठेवते.

मग खांदा निघायला लागला.
दोरीवर चादर टाकताना. झोपेत कूस बदलताना.
एकदा तर कुणी काही विचारलं
आणि ‘मला काय माहीत’ म्हणून नुसते खांदे उडवले, तेव्हा.
कात्री धरली की अंगठ्याचं मूळ सरकायचं,
टक.
गिऱ्हाईक विचारायचं, काय तुटलं?
दोरा, म्हणायची मी.

एक्सरे चांगला. रक्त चांगलं.
उदगीरचे तीन डॉक्टर, सासूचा लेप,
जावेचं निदान : कामाचा कंटाळा.
मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

लातूरला फरहीन मॅडमनी
कोनमापक लावून एकेक सांधा मोजला.
“नऊपैकी आठ,” म्हणाल्या.
शाळेत कधी इतके मार्क पडले नव्हते.
हसले,
आणि हसता हसता रडायला लागले,
बारा वर्षांच्या दुखण्याला नाव होतं म्हणून.

“सांधे बांधणारे पट्टे जन्मापासूनच सैल.
ते घट्ट करायचं औषध नाही.”
मी शिवणकाम करते, मला कळलं.
ताणणारं कापड ओढून बघत बसायचं नसतं,
आतून अस्तर लावायचं.
“स्नायू म्हणजे अस्तर का हो, मॅडम?”
त्या थांबल्या,
वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आता रोज मशीन उघडायच्या आधी
भिंतीला तळहात लावून उभी राहते.
दहापर्यंत मोजते. काही हलत नाही.
बघणाऱ्याला वाटावं, हिनं सोडली तर भिंत पडेल.
आठव्या दिवशी नळ येतो तेव्हा
घागर अर्धीच, खेपा दुप्पट.
कात्रीच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्यात.
आणि कोपर जिथवर जातं
त्याच्या बोटभर अलीकडं थांबायचं,
हे सगळ्यांत अवघड.
अंग म्हणतं, अजून जाता येतं.
येतंच की.

तरी निघतोच खांदा कधी,
लग्नसराईत, वीस ब्लाऊज बाकी असताना.
त्या दिवशी भिंतीला शिव्या घालते.

परवा दारात शिवकन्या,
भोवती पोरींचा घोळका,
अंगठा मनगटाला टेकलेला.
“आई, बघ!”
माझ्या तोंडात टाचणी होती,
टाचणीमागं ओरडा होता.
टाचणी तेवढी काढली.
तिचा अंगठा हातात घेऊन
हळूच सरळ केला, थोडा अलीकडंच.
“आता इथं धर. मी ढकलते, तू हलू द्यायचं नाही.”

ह्यात काय, म्हणाली.
अंगठा थरथरायला लागला.
एक पोरगी मोजू लागली मोठ्यानं.
चारवर सुटला.

थांब, म्हणाली शिवकन्या,
परत.